मोठ्या विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट की लहान कॉलेजात पोझिशन कोच? अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या पहिल्या नोकरीचा तुलनात्मक आढावा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून आयुष्य काढायचे ज्याने ठरवले आहे, त्याच्यासमोर पदवी हातात पडताच बहुधा दोन वाटा असतात. एक वाट टीव्हीवर दर शनिवारी दिसणाऱ्या मोठ्या विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे सगळे ज्याला नुसते ‘जीए’ म्हणतात, ते होण्याची. दुसरी वाट डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या तिसऱ्या विभागाच्या, एखाद्या लहान कॉलेजात थेट पोझिशन कोच होण्याची. पहिलीत नाव मोठे आणि अधिकार जवळजवळ नाही. दुसरीत अधिकार पहिल्या दिवसापासून, पण ते कॉलेज शेजारच्या राज्यातही कोणाला ठाऊक नसते. पगार दोन्हीकडे तुटपुंजा असल्यामुळे निर्णय पैशावर होत नाही, आणि म्हणूनच तो अवघड जातो.

या खेळातली उतरंड आधी लक्षात घ्यायला हवी. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचा आणि बचावाचा असे दोन कोऑर्डिनेटर असतात आणि त्यांच्या हाताखाली क्वार्टरबॅक, रिसीव्हर, ऑफेन्सिव्ह लाइन, लाइनबॅकर अशा एकेका जागेच्या खेळाडूंना घडवणारे पोझिशन कोच असतात. जीए या सगळ्यांच्या खाली असतो. त्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावाच लागतो. बदल्यात विद्यापीठ बहुतेक ठिकाणी फी भरते आणि थोडे विद्यावेतन देते. दोन-तीन वर्षांनी ही मुदत संपते, मग पुढची नोकरी ज्याची त्याने शोधायची.

जीएचे काम कसे असते, ते रविवारी पाहावे. शनिवारचा सामना संपलेला असतो आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याची फिल्म समोर असते. प्रत्येक प्लेचा (म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतच्या एका चालीचा) डाउन कोणता, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांपैकी तो कितवा, किती यार्ड हवे होते, चेंडू मैदानाच्या कोणत्या बाजूला होता, रचना कोणती होती, चेंडू सुटण्यापूर्वी कोण जागेवरून हलला, हे सगळे एकेका प्लेपुढे नोंदवायचे असते. त्यातून प्रतिस्पर्धी तिसऱ्या डाउनला काय करतो याचा अंदाज बांधला जातो. मग त्या प्ले कार्डांवर काढायच्या: अकरा गोल, प्रत्येकातून निघणारी एक रेघ. मंगळवारी सरावात स्काउट टीमच्या घोळक्यासमोर जीए ते कार्ड धरतो, राखीव खेळाडू त्यावर नजर टाकतात आणि प्रतिस्पर्ध्यासारखे खेळून दाखवतात. एखाद्या टाइट एंडची (ऑफेन्सिव्ह लाइनच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या खेळाडूची) रेघ चुकीच्या दिशेने गेली, तर पहिला संघ शनिवारी न येणाऱ्या हल्ल्याचा सराव करतो. हे काम कंटाळवाणे दिसते, पण मला त्याचे मोल फार वाटते, कारण स्वतः खेळताना आपल्या जागेपलीकडे न पाहिलेला माणूस इथे बावीसही खेळाडूंचे एकमेकांशी असलेले नाते वाचायला शिकतो. मात्र वर्षाअखेरीस ‘हा खेळाडू मी घडवला’ असे त्याला सहसा म्हणता येत नाही.

लहान कॉलेजातला पोझिशन कोच हे पहिल्याच हंगामात म्हणू शकतो. रिसीव्हरांची बैठक त्याची असते, त्यांच्या पावलांतली चूक त्यानेच पकडायची असते आणि शनिवारी हेडसेट लावून कोणाला आत पाठवायचे हेही त्यालाच ठरवावे लागते. सोबत मैदानावर रेषा मारणे, जर्सी धुवायला टाकणे आणि कधी दुसऱ्या एखाद्या खेळाच्या संघाची जबाबदारी सांभाळणे हेही येते. सर्वांत जास्त वेळ मात्र रिक्रूटिंगमध्ये, म्हणजे नवे खेळाडू मिळवण्यात जातो. डिव्हिजन थ्रीमध्ये क्रीडा शिष्यवृत्ती देताच येत नाही. सुमारे 240 कॉलेजे या विभागात फुटबॉल खेळतात, त्यांतली बरीचशी खासगी आहेत आणि संघात येणारे शंभरएक खेळाडू हे फी भरणारे विद्यार्थीही असतात. त्यामुळे तरुण कोच एखाद्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसतो, तेव्हा आई-वडिलांचा पहिला प्रश्न मुलगा किती खेळेल हा नसतो. सगळी आर्थिक मदत वजा जाता दरवर्षी खिशातून किती जाणार, हा असतो. ज्याला याचे सरळ आणि खरे उत्तर देता येते, त्याला पुढे कुठेही रिक्रूटिंग जड जात नाही.

पैशाचे थोडक्यात सांगतो. शिखरावरचे आकडे डोळे दिपवतात: लुइझियाना स्टेटने 2018 मध्ये बचावाचे कोऑर्डिनेटर डेव्ह अरांडा यांना वर्षाला 25 लाख डॉलर देऊ केले होते. पण पहिल्या नोकरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. जीएच्या हाती निदान एक पदवी राहते, जी प्रशिक्षण सोडावे लागले तरी उपयोगी पडते. लहान कॉलेजात पद पूर्णवेळ आहे की हंगामापुरते मानधन आहे, आणि आरोग्यविमा मिळतो की नाही, हे आधी लेखी घ्यावे लागते.

वर चढण्याच्या दृष्टीने दोन्ही वाटांचे दाखले आहेत. निक सेबन 1973 मध्ये केंट स्टेटला जीए झाले, तेही पत्नीचे शिक्षण पूर्ण व्हायचे होते म्हणून, आणि अलाबामाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर सात राष्ट्रीय अजिंक्यपदे होती. लान्स लायपोल्ड यांनी विस्कॉन्सिनला जीए म्हणून काम केले, पण त्यांचे नाव झाले ते डिव्हिजन थ्रीच्या विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरमध्ये. तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणून 2007 ते 2014 या काळात सहा अजिंक्यपदे जिंकल्यावर ते बफेलोला आणि 2021 मध्ये कॅन्ससला गेले. मला सर्वांत बोलका दाखला वाटतो तो डॅन लॅनिंग यांचा. मिझुरीत शिक्षकी करत शाळेच्या संघाला शिकवणारा हा तरुण 2011 मध्ये रात्रभर गाडी हाकत पिट्सबर्गला गेला आणि तिथे त्याने जीए म्हणून कामाला सुरुवात केली. पुढे 2014 मध्ये सॅम ह्युस्टन स्टेटला त्यांना पोझिशन कोचचे पद मिळाले होते. ते सोडून 2015 मध्ये ते अलाबामाला पुन्हा जीए झाले. कागदावर ही पदावनती होती. पण स्वतःच्या खेळाडूंना शिकवून झाल्यावर त्यांनी सेबन यांची पद्धत आतून पाहिली आणि तिथून मेम्फिस, मग जॉर्जियाचे बचाव कोऑर्डिनेटरपद आणि डिसेंबर 2021 मध्ये ऑरेगनचे मुख्य प्रशिक्षकपद असा त्यांचा प्रवास झाला.

स्थैर्य दोन्हीकडे कमी आहे, पण मोठ्या ठिकाणी ते अगदीच आपल्या हातात नसते. मुख्य प्रशिक्षक गेला की बहुधा सगळा स्टाफ जातो. डॅबो स्विनी 2000 च्या हंगामानंतर अलाबामातून असेच बाहेर पडले आणि दोन वर्षे स्थावर मालमत्तेच्या व्यवसायात होते. 2003 मध्ये क्लेमसनने रिसीव्हरांचा कोच म्हणून बोलावले नसते, तर पुढे तिथेच मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी जिंकलेली दोन अजिंक्यपदे झाली नसती. उलट बड फॉस्टर 1987 पासून 2019 पर्यंत व्हर्जिनिया टेकमध्ये सहायकच राहिले, मुख्य प्रशिक्षक बदलल्यावरही टिकले, आणि ते आयुष्य कोणाही मुख्य प्रशिक्षकाच्या आयुष्याइतकेच भरलेले होते. मुख्य प्रशिक्षक होणे हेच यश, असे मानून या पेशात येऊ नये.

गेल्या काही वर्षांतल्या बदलांनी तराजू थोडा कलला आहे. जून 2024 मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, सर्वोच्च विभागात मैदानावर शिकवणाऱ्या स्टाफच्या संख्येवरचे बंधन उठवले. कॅम्पसबाहेर रिक्रूटिंगला जाणाऱ्यांची मर्यादा तेवढी ठेवली. यामुळे तरुणाला लवकर संधी मिळेल असे वाटते, पण मोठ्या विद्यापीठांत ॲनालिस्ट म्हणून, म्हणजे मैदानाबाहेरून विश्लेषण करत, बसलेले अनुभवी लोक, कधी माजी मुख्य प्रशिक्षकसुद्धा, आता मैदानावर उतरू शकतात आणि जीएचा क्रमांक त्यांच्यामागे लागतो. कॉलेज बदलू पाहणारे खेळाडू ज्यात नाव नोंदवतात ते 2018 मध्ये सुरू झालेले ट्रान्सफर पोर्टल आणि 2025 पासून खेळाडूंना विद्यापीठाने थेट पैसे देण्याची मुभा यांमुळे तिथला बराच वेळ संघ जुळवण्यात जातो. चार वर्षे एकाच मुलाला वाढताना पाहायचे असेल, तर ते समाधान लहान कॉलेजात मिळण्याची शक्यता मला अधिक दिसते.

म्हणून माझा सल्ला असा आहे. जो मोठ्या विद्यापीठातच खेळला आहे आणि ज्याला तिथले प्रशिक्षक ओळखतात, त्याने तिथेच जीए व्हावे. ती ओळख दुसरीकडे जाऊन पुन्हा कमवावी लागते. बाकी सर्वांनी आधी दोन-तीन हंगाम लहान कॉलेजात स्वतःची बैठक चालवावी आणि मग, लॅनिंग यांच्यासारखे, शिकण्यासाठी खालच्या पदावर जाण्याची तयारी ठेवावी. भारतातून एमएससाठी आलेल्या मराठी मुलामुलींना मात्र वेगळी अडचण आहे: विद्यार्थ्यांच्या एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि हंगामातला जीए त्याहून कितीतरी जास्त राबतो. त्यांनी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलल्याशिवाय होकार देऊ नये.

होकार देण्यापूर्वी दोन्हीकडे एकच गोष्ट विचारावी: आधी या पदावर असलेले तिघे आज कुठे आहेत? जीएच्या बाबतीत त्यांना पुढची नोकरी मिळवून देण्यासाठी मुख्य प्रशिक्षकाने स्वतः फोन केला होता का, आणि लहान कॉलेजच्या बाबतीत ते किती हंगाम टिकले व का गेले, हे त्या तिघांनाच फोन करून विचारावे. प्रशिक्षक मंडळी अशा फोनला सहसा नाही म्हणत नाहीत.