पद्मिनीची डिकी आणि ३०० रुपयांचा किल्लीवाला

वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवतो. इंजिनची किल्ली वेगळी, डिकीची वेगळी. त्यातली डिकीची किल्ली मे महिन्यात एका रविवारी जोतिबाच्या गर्दीत कुठंतरी पडली. डिकीत स्टेपनी, जॅक आणि आईनं घेतलेला गुलाल-खोबऱ्याचा प्रसाद.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत विजेच्या खांबावर ‘किल्लीवाला, २४ तास’ असं स्टिकर दिसलं. दुकानाचा पत्ता नाही, नुसता नंबर. तिथंच शंका यायला पाहिजे होती. फोनवर ३०० रुपये ठरले.

माणूस आला, डिकीसमोर उकिडवा बसला, टॉर्च मारून मान हलवली. “साहेब, कुर्ल्याची कंपनी बंद होऊन जमाना झाला. ह्याची कोरी, खाचा न पाडलेली किल्ली आता मिळत नाय. लॉक फोडायला लागतंय.”

“फोनवर ३०० सांगितलंय की!”

“ते नुसतं यायचं हो.”

मी पुढं काही बोलेपर्यंत ड्रिल सुरू. एकदा भोक पडल्यावर माणसाला थांबवून करणार काय? सगळी मेख इथंच आहे. नवं लॉक आणि मजुरी धरून २,८०० रुपये, वर किल्लीतल्या चिपच्या ‘कोडिंग’चे ४००. कार्ब्युरेटरच्या गाडीला कसलं कोडिंग! पण दिले मी. फोडलेलं लॉक “भंगारच हाय” म्हणत त्यानं पिशवीत टाकलं.

वळवाच्या पहिल्याच पावसात डिकीत पाणी. नवं लॉक भोकात खुळखुळत होतं. त्या नंबरवर फोन केला, तर आधी “बघतो”, मग बंदच.

उद्यमनगरातल्या आमच्या जुन्या मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. “अहो, ह्यात चिप ना बिप. मापाची कोरी किल्ली आत घालून जरा जोर देऊन हलवायची, आतल्या पत्र्यांच्या खुणा तिच्यावर उमटतात. खूण दिसंल तिथं कानस मारायची, परत घालायची. फोडायचं कशाला? आणि फोडलंच, तर लॉक तरी ठेवून घ्यायचं! आतला गाभा बदलून बघितला असता.”

तेव्हा जुनी गाडी असेल, तर ड्रिल पिशवीतून निघायच्या आधी पूर्ण रक्कम विचारा. कानस आणलीय का, तेही विचारा.

मिस्त्रींनी जुनं लॉक शोधायला सांगितलंय. तोवर डिकीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय.