तीन विषय राहिलेत, नऊ वर्षं झालीत: जुनी पदवी सोडवायची की मुक्त विद्यापीठात नव्याने सुरुवात करायची?

पदवी अर्धवट राहिलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "राहिलेले विषय तेवढे काढून टाक." दुसरा, "मुक्तमधून कर, सोपं पडतं." मी दोन्ही वाटांनी चालून पाहिलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

२०१२ साली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला माझे तीन विषय राहिले. त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले, मी एका पतसंस्थेत कॅश काउंटरला लागले आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा राहून गेला. पुढच्या वेळीही राहिला. त्यानंतर कुणी शिक्षण विचारलं की "बी.कॉम." म्हणायचे आणि पुढचं वाक्य गिळायचे. २०२१ मध्ये गुणपत्रिकांची पिशवी पुन्हा बाहेर काढली.

जुन्या विद्यापीठाचं आकर्षण उघड आहे: पाच सहामाह्या हातात आहेत, थोडंसंच उरलंय. पण आधी मुदत बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवीच्या ठरलेल्या कालावधीवर साधारण दोन वर्षं जास्तीची मिळतात, अपवाद म्हणून आणखी एक. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला पाच, फार तर सहा वर्षं. विद्यापीठं अधूनमधून जुन्या विद्यार्थ्यांना विशेष संधीही देतात, पण ते परिपत्रक कधी निघेल याच्या भरवशावर बसता येत नाही.

दुसरी अडचण पॅटर्नची. माझा एक राहिलेला विषय अप्रत्यक्ष करांचा होता. मी शिकले तेव्हा त्यात व्हॅट होता, सेवाकर होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि माझ्या वहीतली निम्मी गणितं बाद झाली. जुना अभ्यासक्रम बंद झाला की नव्यातला समकक्ष विषय देतात, म्हणजे "राहिलेला" विषय पहिल्यापासून शिकायचा. शिवाय परीक्षा विभागाच्या खेपा. मी तीन मारल्या. दर वेळी वेगळी खिडकी, आणि तिसऱ्या वेळी कळलं की माझी मुदत केव्हाच संपली होती. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घेतली असती, तर चार महिने वाचले असते.

माझ्या मैत्रिणीचं मात्र उलट झालं. तिचा एकच विषय होता, मुदतही शिल्लक होती. तिने पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) शोधून फॉर्म भरला आणि एका परीक्षेत सुटली. तिला मी मुक्त विद्यापीठ कधीच सुचवलं नसतं. विषय एक-दोन असतील आणि मुदत शिल्लक असेल, तर जुनीच पदवी सोडवा. मुदत संपली असेल तर एकदा लेखी विचारा, दोन महिने द्या आणि मग तो नाद सोडा. "इतकी वर्षं वाया जातील" या एका वाक्यापायी मी आणखी वर्षं घालवली असती.

नव्याने करायचं ठरलं की महाराष्ट्रात प्रश्न येतो नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त की इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. यशवंतराव १९८९ चं, इग्नू १९८५ चं. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची. तेव्हा "मुक्तची डिग्री चालते का?" या प्रश्नात वेळ घालवू नका.

खरा फरक भाषेचा आहे. यशवंतरावची पुस्तकं मराठीत आहेत आणि केंद्रं तालुक्यातालुक्यांत. इग्नूचं साहित्य मुख्यतः हिंदी-इंग्रजीत आहे, पण ते ई-ज्ञानकोश या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. शिवाय इग्नूत पहिल्या वर्षाचे विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षाची नोंदणी होते, आणि तीन वर्षांची पदवी पुरी करायला सहा वर्षं मिळतात. बदलीची नोकरी असेल, लहान मूल असेल, इंग्रजी वाचायची सवय असेल, तर इग्नू घ्या. माझ्यासारखी मराठीतून विचार करणारी असाल तर यशवंतराव.

मी तेच घेतलं. रविवारच्या संपर्क सत्रात पुस्तक उघडलं तर समोर रोजकीर्द आणि खतावणी. विसाव्या वर्षी हे पाठ करून विसरले होते. आता नऊ वर्षं रोज तेच लिहीत होते. वर्गात हात वर करून प्रश्न विचारायची मला कधी हिंमत झाली नव्हती. त्या रविवारी मी तीन विचारले.

सोपं मात्र नाही. वर्गशिक्षक नाहीत, हजेरी नाही, गृहपाठाची आठवण कुणी करून देत नाही. ज्यांना माणसांच्या गर्दीतच अभ्यास होतो, त्यांनी नियमित महाविद्यालयाचाही विचार करावा. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एक वर्ष पुरं केलं की प्रमाणपत्र, दोन केली की पदविका मिळते, आणि क्रेडिट (पुऱ्या केलेल्या विषयांचे श्रेयांक) साधारण सात वर्षं एबीसी या ऑनलाइन क्रेडिट बँकेत जमा राहतात. पण क्रेडिट पद्धतीच्या आधीचे गुण त्यात आपोआप येत नाहीत, आणि नोकरी सांभाळून ७५ टक्के हजेरी जमणं अवघडच. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय अर्धवट राहिलं असेल, तर ते दूरस्थ पद्धतीने पुरं करता येत नाही. तिथे जुनं विद्यापीठ, नाहीतर शाखा बदल.

वयाचा हिशेबही कागदावर मांडा. राज्यसेवेला खुल्या गटात ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा आहे. ३४ व्या वर्षी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलात तर पदवी हाती येईपर्यंत ३७ उजाडेल. पूर्वपरीक्षेला शेवटच्या वर्षापासून बसता येतं, तरी फार संधी उरत नाहीत. पतसंस्थेतल्या बढतीसाठी किंवा स्वतःसाठी पदवी हवी असेल, तर ही घाई नाही.

दूरस्थ प्रवेशाला आता एबीसी आयडी (त्या क्रेडिट बँकेतला क्रमांक) आणि डेब आयडी (आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक) लागतात. आधार, दहावी आणि बारावीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते आधी बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं इथेच अडतं.

आणि आजपासून रोज दोन पानं हाताने लिहा. पहिल्या पेपरला दीड तासातच माझा अंगठा आखडला होता. नऊ वर्षांत सह्या आणि आकडे सोडून मी पेनाने काही लिहिलंच नव्हतं. येत असलेले दोन प्रश्न तसेच राहिले. दुसऱ्या सत्राच्या आधी मी रोज रात्री मुलीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहायचे. त्या सत्रात पुरवणी मागितली.