चौदा महिने, अठरा हजार किलोमीटर: सातारा-कराड रस्ता आणि माझी साडेतीनशे सीसी

बाइकच्या कंपनीचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगते. नाव आलं की लोक आपापले झेंडे घेऊन येतात आणि रस्ता बाजूला राहतो. एक सिलिंडर, साडेतीनशे सीसी, वजन एकशे नव्वदच्या आसपास, सीट माझ्या उंचीला एक बोटभर जास्त. एवढ्यावर ज्याला ओळखायची त्याने ओळखावी.

मी त्रेचाळीस वर्षांची, साताऱ्यात राहते, नोकरी कराडला. आठवड्यातले दोन-तीन दिवस बाइकने जाते, बाकी एसटी. अंतर एका बाजूने पन्नास किलोमीटर. वीस वर्षं स्कूटर चालवली होती, त्यामुळे वाटलं होतं की फरक काय, गिअरच तर टाकायचे. पहिला धक्का आरटीओत बसला. स्कूटरचं, म्हणजे विनागिअरचं लायसन्स गिअरच्या गाडीला चालत नाही. पुन्हा लर्निंग, पुन्हा टेस्ट. सोबत सगळी अठरा-एकोणीसची पोरं. मी आठ काढून आले तेव्हा त्यातल्या एकाने टाळ्या वाजवल्या, त्या कौतुकाच्या होत्या की गमतीच्या हे अजून कळलेलं नाही. नंतर दीड महिना रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यांवर नुसतं वळणं आणि ब्रेक केले. कोणी नव्याने घेणार असेल तर हा दीड महिना वाचवू नका.

गाडीबद्दलचं लवकर उरकते. ॲव्हरेज हायवेला छत्तीस-सदतीस, गावात तीस-बत्तीस. सत्तर-पंचाहत्तरला इंजिन खूश असतं, नव्वदच्या पुढे आरशातले ट्रक थरथरायला लागतात. सीट पाऊण तास छान, पुढे कंबर बोलते. मागचा टायर सोळा हजार किलोमीटरला बदलला. चेन दर पाचशे किलोमीटरला स्वतः साफ करून ल्यूब लावते, कारण एकदा सर्व्हिसिंगला दिली तर इतकी ताणून परत आली की गाडी आडून चालायला लागली. आमच्या चौकातल्या मेकॅनिकने बघितलं आणि म्हणाला, "ताई, चेन आहे, सतार नाय." तेव्हापासून ढील मोजायला शिकले.

आता रस्ता.

शेंद्र्यापासून पुढे सहापदरीकरणाचं काम चालू असल्यामुळे हा हायवे रोज थोडा वेगळा असतो. काल सरळ जाणारी लेन आज डायव्हर्शन होऊन सर्व्हिस रोडला उतरलेली. उतरताना कडेला बारीक खडी, तिथेच समोरून उलट्या दिशेने येणारी दूधवाल्याची एम-८० दुचाकी. यात चूक कोणाची हा वाद चहाच्या टपरीवर घालायचा. बाइकवर असताना चूक कोणाचीही असो, गुडघा आपला असतो.

मी पडले ती अशाच एका डायव्हर्शनला. जूनचा पहिला आठवडा, नुकता पाऊस होऊन गेलेला. पहिल्या पावसाचा पहिला तास सगळ्यात वाईट हे ऐकून होते. वर्षभर साचलेलं ऑइल आणि धूळ वर येते, रस्ता साबणासारखा होतो. म्हणून वेग पंचवीसवर आणला होता. पंचवीस! सायकलवाला पुढे गेला असता. वळणात गाडी झुकलेली असताना खडी दिसली, घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि दुसऱ्या क्षणी मी रस्त्यावर होते. गाडी कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. त्यात 'सावरलं असतं' असं म्हणायला जागाच नव्हती.

घरी आल्यावर भाच्याने विचारलं, "मावशी, एबीएस आहे ना गं तुझ्या गाडीला?" आहे. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचंच आहे. पण साधं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. गाडी सरळ असताना ते देवासारखं धावून येतं, झुकलेली असताना खडीवर ते तरी काय करणार? टायरकडे जेवढी पकड असते ती वळण आणि ब्रेक यांच्यात वाटली जाते. वळणाने बरीचशी आधीच घेतलेली असली तर ब्रेकला उरते ती चिमूटभर, आणि खाली खडी असली की तीही नाही. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी उभी असताना. आत शिरल्यावर ब्रेकला हात नको, नजर मात्र बाहेर पडायच्या टोकाला हवी. नजर खड्ड्यावर ठेवली तर गाडी खड्ड्यातच जाते. मी खडीकडे बघत होते, खडीतच गेले.

रसवंतीवरच्या दोन बायका धावत आल्या. एकीने गाडीची किल्ली बंद केली, दुसरीने मला उठवायच्या आधी विचारलं, "मान दुखतीया का?" हे तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण बरोबर तेच विचारलं. तळहात ग्लोव्हजमुळे वाचला. गुडघ्याला गार्ड नव्हतं, तिथे तीन आठवडे खपली. हेल्मेटच्या डाव्या गालावर मात्र बोटभर रुंद ओरखडा होता, हनुवटीच्या अगदी जवळ. अर्ध्या टोपीचं हेल्मेट असतं तर तो ओरखडा कुठे आला असता हे आरशात बघून कळतं.

ते हेल्मेट दुसऱ्या दिवशी टाकलं. वरून धड दिसत होतं, पण आतला थर्मोकोल एकदाच दबण्यासाठी असतो. मार त्याने खाल्ला की त्याचं काम झालं. नवरा म्हणाला, "एवढ्याशा ओरखड्याला चार हजार?" मी त्याला दबलेला थर्मोकोल दाखवला, मग गप्प बसला. आता बायकांसाठी एक खास सूचना. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही. वर उचललेलं राहतं आणि पट्टा कितीही आवळला तरी मागून फिरतं. खाली वेणी घाला. आणि मागे बसणाऱ्या बायकांनाही कायद्याने हेल्मेट सक्तीचं आहे. सरदारजींना सूट आहे, साडीला नाही.

गाडी घ्यायच्या आधी नवऱ्याने केंद्र सरकारच्या अहवालातले आकडे काढून ठेवले होते. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घालता गेलेले ५०,०२९. मी ते वाचून म्हटलं होतं की हेल्मेट घालीन, झालं. आता तेच आकडे वाचते तेव्हा उरलेल्यांचा विचार येतो. त्यांच्यातही हेल्मेट घातलेले होतेच की.

दुसरा प्रसंग पडण्याचा नाही, पण मला अजून झोपेत दिसतो तो हाच. डिसेंबर, गळीत हंगाम भरात. ऑफिसमधून निघायला उशीर झाला आणि उंब्रजच्या पुढे अंधार पडला. सत्तरने चालले होते, लो बीमवर, कारण समोरून एकामागून एक गाड्या. डोळ्यांसमोर अचानक रस्त्याच्या मधोमध फिकट ठिपके आले. वाटलं काजवे. ती उसाची कापलेली टोकं होती. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही फुटभर बाहेर आलेल्या उसाने भरलेल्या, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. वेग असेल वीसचा. कशी थांबले हे सांगता येणार नाही, एबीएसची ती लिव्हरमधली कुरकुर तेवढी आठवते. तेव्हा मात्र गाडी सरळ होती.

घरी येऊन हिशोब केला. सत्तरच्या वेगाला गाडी सेकंदाला साडेएकोणीस मीटर जाते. दिसल्यापासून हात दाबेपर्यंत एक सेकंद धरला तर वीस मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी सत्तावीस-अठ्ठावीस. म्हणजे पन्नासच्या आतबाहेर. आणि लो बीममध्ये मला नीट दिसत होतं तेही साधारण तेवढंच. थोडक्यात, मी इतके दिवस अंधारात जेवढं दिसतंय तेवढ्यात जेमतेमच थांबता येईल अशा वेगाने चालवत होते आणि स्वतःला सावध समजत होते. ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालून झाल्या. पण तो रोज तसाच येणार आहे, हंगाम संपेपर्यंत.

इतर धोके त्या मानाने ओळखीचे होतात. ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला की कोणी म्हणतो 'ये पुढे', कोणी म्हणतो 'थांब', आणि एखादा खरंच उजवीकडे वळतो. ड्रायव्हरचं तोंड त्याच्या आरशात दिसत नसेल तर आपण त्याच्या जगात नाही, असं समजून चालायचं. कंटेनर ओलांडताना आधी तो वारा अडवतो, मग त्याच्या नाकापुढे गेलं की वाऱ्याची थप्पड बसते. पहिल्यांदा मी अर्धी लेन सरकले होते. संक्रांतीच्या आधी नायलॉन मांजा, म्हणून जानेवारीत गळ्याला जाड बफ. सुगीत रस्त्यावर पसरलेलं सोयाबीन. पांढरे पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर, त्याबद्दल बोलायला लागले तर हा लेख संपणार नाही.

आणि लोक. समोरून येणारा प्रत्येक तिसरा माणूस मला मूठ उघडझाप करून दाखवतो, 'लाइट चालू आहे'. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालूच असतो, बंद करायचं बटणच नाही, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार. मी मान हलवून आभार मानते. गाडीवर बाई आहे हे जवळ आल्यावर कळलं की दोन प्रकार होतात. काही जण वाट देतात. काही जण ओलांडून पुढे जातात आणि मग पुढे जाऊन हळू होतात, मागे वळून बघण्यासाठी. हा दुसरा प्रकार मला खडीपेक्षा जास्त धोकादायक वाटतो, कारण तो माझ्याकडे बघतो आणि त्याच्या समोर काय आहे ते मलाच बघावं लागतं.

मग चालवतेस कशाला, असं आई विचारते. तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही, तुम्हाला सांगून बघते.

सकाळी सातला नागठाणे सोडलं की उरमोडीच्या पुलावर हवा एकदम बदलते. दोन-तीन सेकंद गार, ओली, मातीच्या वासाची, आणि पूल संपला की पुन्हा नेहमीची. उंब्रजला तारळीवरही तसंच, पण तो गारवा वेगळा, जास्त रुंद. कारमध्ये काच वर असते, तिथे नदी म्हणजे एक पाटी. वीस वर्षं या रस्त्याने जातेय आणि इथे नद्या आहेत हे मला बाइकवर कळलं. थंडीत कराडच्या अलीकडे गुऱ्हाळाचा वास येतो, आधी धूर, मग काकवी. त्या वासाने भूक लागते, नाश्ता करून निघालेली असले तरी. पावसाळ्यात सज्जनगडाच्या रस्त्याला ढगात शिरलं की व्हायझरवर थेंब जमत नाहीत, नुसती काच पांढरी होते. मग ती बोटभर उघडायची आणि चाळीसने जायचं. यवतेश्वरच्या घाटात एकदाच, एकामागून एक चार वळणं मनासारखी जमली. ब्रेक आधी, नजर पुढे, गिअर बरोबर, आणि गाडीने काही विचारलंच नाही. वर पोहोचून थांबले आणि एकटीच हसत बसले. सप्टेंबरात त्याच रस्त्याने कासला जायच्या भानगडीत मात्र पडू नका. फुलांपेक्षा गाड्या जास्त असतात आणि गाडीवाले फुलांकडे बघत असतात.

डोक्यातली बडबड बंद होते हेही एक आहे. ऑफिसचं, घरचं, मुलाच्या दहावीचं काहीही डोक्यात असलं तरी पहिल्या पाच किलोमीटरमध्ये ते गळून पडतं. जागाच नसते. आरसा, खड्डा, तो रिक्षावाला वळणार का, आरसा. आणि हे लक्ष ज्या दिवशी लागत नाही, झोप झालेली नाही किंवा कोणाशी भांडून निघालेय, त्या दिवशी किल्ली खुंटीवर. दोनदा स्टँडपर्यंत जाऊन परत आले आहे.

मुलगा पंधराचा आहे, मागे बसायला तयारच असतो. त्याला सज्जनगडपर्यंत नेते, हेल्मेट-जॅकेटसकट. हायवेला अजून नेलेलं नाही. तो म्हणतो, "तू जातेस ना रोज?" जाते. माझ्यापुरती जोखीम मी उचलली आहे, त्याच्या वाटची उचलायला हात धजत नाही.

घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: गाडीच्या बजेटमधून आधी हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, बूट आणि गुडघ्याची गार्ड बाजूला काढा, उरलेल्या पैशात जी येईल ती घ्या. जाळीचं जॅकेट घ्या, एप्रिलमध्ये दुसरं अंगावर ठेववत नाही आणि मग ते घरीच राहतं. एबीएसचा अनुभव रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम घ्या, लिव्हर पहिल्यांदा कुरकुरली की माणूस दचकून ब्रेक सोडतो. माझ्या हातून तेच झालं होतं, नशिबाने एमआयडीसीत.

गाडीला दहापैकी आठ. एक मार्क सीटचा कापला, एक आरशांचा.

कारखान्यांची धुराडी परत पेटली आहेत. मी संध्याकाळपुरती बाइक बंद केली आहे, उशीर होणार असेल त्या दिवशी सकाळपासूनच एसटी. परवा एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. तारळीचा पूल आला तसा हात आपोआप काचेकडे गेला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "नको गं बाई, गार लागतंय." काच बंदच ठेवली.