किमान उत्पन्न योजना: पैसे चांगले, काउंटर बेकार (साडेतीन स्टार)

रिव्ह्यू सर्व्हिसचा आहे, राजकारणाचा नाही, हे आधीच सांगते, नाहीतर खाली लगेच डावं-उजवं सुरू होतं. सर्व्हिस तशी साधी आहे. सरकार एक रेषा ठरवतं की एवढ्या माणसांच्या घराला महिन्याला निदान एवढे पैसे लागतातच, तुमच्या घराची कमाई त्याच्या खाली असली की मधला फरक सरकार खात्यात टाकतं. झालं. नोकरी गेल्यावर मिळणारा बेकारी भत्ता वेगळा, पेन्शन वेगळं, आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना सरसकट सारखे पैसे देणारी युनिव्हर्सल बेसिक इन्कम तर पूर्णच वेगळी गोष्ट. लोक हे सगळं एकत्र कालवतात आणि मग फिनलंडचं उदाहरण देतात. फिनलंडने 2017-18 मध्ये 2000 बेरोजगारांना महिना 560 युरो बिनशर्त दिले होते, काम लागलं तरी ते पैसे कापले जात नव्हते. म्हणजे मी ज्या सर्व्हिसबद्दल लिहितेय तिच्या जवळजवळ उलट.

मी बघतेय गिऱ्हाइकाच्या बाजूने, आणि गिऱ्हाईक म्हणजे पोरंबाळं असलेलं, पैशाची ओढाताण चाललेलं घर. त्यांना पैसे मिळतात का, वेळेवर मिळतात का, मुलांच्या हिशोबाने पुरतात का, आणि घरात कोणाला काम लागलं की पुढे काय.

पहिल्यांदा मुद्द्याचं: पैसे पोचले की फरक पडतो का? पडतो, आणि चांगलाच पडतो. अमेरिकेने 2021 मध्ये मुलांसाठीची करसवलत वाढवून जुलै ते डिसेंबर तिचे दर महिन्याला हप्ते दिले, सहा वर्षांखालच्या मुलामागे 300 डॉलर आणि त्यावरच्या मुलामागे 250. तशी ती करसवलत, पण त्या एका वर्षापुरती तिने किमान उत्पन्नाचंच काम केलं, कारण एरवी आईबापांची काहीतरी कमाई असल्याशिवाय पूर्ण रक्कम मिळत नाही, म्हणजे सगळ्यात गरीब घरंच बाहेर राहतात, आणि त्या वर्षी ती अट काढून टाकली होती. सगळ्या सरकारी मदतीचा हिशोब धरणारं तिकडचं जे मोजमाप आहे त्यात मुलांमधली गरिबी 2021 ला 5.2 टक्क्यांवर आली. मुदत संपली, संसदेने वाढवली नाही, आणि 2022 ला आकडा थेट 12.4 टक्के. कोविडकाळात सरकार घरोघरी देत होतं ते मदतीचे चेक पण त्याच सुमारास बंद झाले त्यामुळे सगळं श्रेय एकट्या हप्त्यांना देता येणार नाही, पण दिशा कळायला एवढं पुरे.

"फुकटचे पैसे मिळाले की लोक दारू पितात" हे वाक्य या विषयावर कुठेही बोला, पाच मिनिटांत येतंच. वर्ल्ड बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी 2014 मध्ये वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून नेमकं हेच तपासलं, आणि रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं काही त्यांना दिसलं नाही. दुसरं ठरलेलं वाक्य, "मग काम कोण करेल". त्याला कॅनडातल्या डॉफिन गावाचं उत्तर आहे, 1974 ते 1979 तिथे घरांना किमान उत्पन्नाची हमी होती, काम थोडं कमी केलं ते मुख्यतः नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांनी आणि शाळा सोडून कामाला लागण्याऐवजी शिकत राहिलेल्या मुलांनी. (कमाल म्हणजे प्रयोग संपला तेव्हा विश्लेषणाला पैसेच उरले नव्हते, सगळे कागद खोक्यात भरून ठेवून दिले, आणि एव्हलिन फॉर्जे या अर्थतज्ज्ञ बाईंनी कित्येक वर्षांनी ते उघडून बघितले तेव्हा कळलं की त्या काळात गावातलं हॉस्पिटलमध्ये भरती होण्याचं प्रमाण 8.5 टक्क्यांनी घटलं होतं.)

तर प्रॉडक्ट चालतं. पाचपैकी पाच द्यायला माझी हरकत नव्हती. पण पैसे खात्यात यायच्या आधी मध्ये एक काउंटर आहे, आणि तिथेच सगळं अडतं.

स्पेनचं उदाहरण बघा. 2020 मध्ये कोविडच्या धामधुमीत त्यांनी पूर्ण देशासाठी किमान उत्पन्न योजना आणली, इंग्रेसो मिनिमो व्हिताल, साडेआठ लाख कुटुंबांपर्यंत पोचायचं म्हणून जाहीर केलं, एकट्या माणसाला महिना 462 युरोच्या आसपास आणि मोठ्या कुटुंबाला हजाराच्या थोडं वर. कागदावर एक नंबर. नंतर तिथल्याच, सरकारी खर्चावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेने तपासलं तर हक्क असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त घरांनी अर्जच केलेला नव्हता! आणि ज्यांनी केला त्यांचं काय, तर सुरुवातीला गरिबी मोजायची ती आदल्या वर्षाच्या कमाईवरून, म्हणजे 2020 च्या लॉकडाऊनमध्ये काम गेलेल्या माणसाला 2019 चा पगार दाखवून सांगायचे की तुम्ही गरीब नाही. पुढे चालू वर्षाची कमाई धरायची सोय केली, पण मग पुढच्या वर्षी इन्कम टॅक्सचे खरे आकडे आले की जास्त दिलेले पैसे परत करा म्हणून नोटीस. महिन्याच्या महिन्याला खर्च होऊन गेलेले पैसे परत कुठून आणायचे? शिवाय एका छपराखाली राहणाऱ्या माणसांनी आधी वर्षभर तरी तसं एकत्र राहिलेलं असलं पाहिजे ही अट, ती नंतर सहा महिन्यांवर आणली. नवरा-बायको वेगळे होणं, लेक पोरांना घेऊन माहेरी येणं, गरीब घरात हे असलं सारखं चालू असतं आणि नेमकं अशाच वेळी पैशाची गरज असते, फॉर्मला मात्र घर कसं फोटोसारखं स्थिर लागतं.

स्पेन एकटा नाही बरं का. फ्रान्समध्ये 1988 पासून ही सर्व्हिस चालू आहे, इतकी जुनी, तरी हक्काचे पैसे न घेणारे साधारण एक तृतीयांश. कारणं सगळीकडे तीच, माहितीच नसते, फॉर्म समजत नाही, लाज वाटते, आणि नंतर वसुली निघेल ही भीती. ही भीती काही वेडगळ नाही, वर स्पेनचं वाचलंत ना.

ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (नाव युनिव्हर्सल असलं तरी ही कमी कमाईच्या घरांनाच मिळणारी मदत) फॉर्म ऑनलाइन आहे, नीटसुद्धा आहे, पण पहिला हप्ता यायला पाच आठवडे. दरम्यान काय करायचं तर ॲडव्हान्स घ्या, तो पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. म्हणजे गरिबी कमी करायच्या सर्व्हिसची सुरुवातच उधारीने. एक स्टार इथे कमी.

आता मुलांचा हिशोब. सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर. इटलीने 2019 मध्ये रेदितो दी चितादिनांत्सा नावाची किमान उत्पन्न योजना काढली, एकट्या माणसाला महिना 500 युरोपर्यंत, भाड्याने राहत असेल तर वर 280. कुटुंब मोठं असेल तर एक आकडा लावून रक्कम वाढवायची, पहिल्या माणसाचा 1, पुढच्या मोठ्या माणसाचे 0.4, मुलाचे फक्त 0.2. करा गणित: आई, बाप, दोन मुलं म्हणजे 1.8, भाडं सोडून 900 युरो. एका मुलामागे महिना शंभर युरो हो! आणि कितीही पोरं असली तरी बेरीज 2.1 च्या वर जायची नाही, घरात गंभीर अपंगत्व असेल तर 2.2. त्यामुळे एकटा माणूस त्यातल्या त्यात बरा सुटायचा आणि चार पोरांचं घर मागे राहायचं, कुटुंबांची गरिबी हटवायला काढलेल्या योजनेत. वर इटलीत किमान दहा वर्षं राहिलेलं असायची अट, म्हणजे बाहेरून आलेली कित्येक घरं, ज्यांना मुलं जास्त आणि गरज जास्त, ती दारातच बाद. पैसे कार्डावर मिळायचे आणि त्यातून रोख काढायलाही मर्यादा, एकट्या माणसाला महिन्याला 100 युरो. 2023 अखेर योजना बंद, 2024 पासून दुसरी आली, ती मुलं, अपंग किंवा म्हातारी माणसं असलेल्या घरांनाच मुख्यतः मिळते. ब्रिटनने 2017 मध्ये तर सरळ दोन मुलांची मर्यादा घातली, 2026 मध्ये ती काढेपर्यंत तिसरं मूल फॉर्मच्या लेखी जन्मलंच नव्हतं.

उलट टोक ब्राझीलचं. गरीब घरांना रोख मदत देणारी बोल्सा फमिलिया योजना 2003 पासून चालू, मधल्या सरकारने नाव बदलून घरटी सरसकट रक्कम ठेवली, 2022 मध्ये ती 600 रियाल झाली, घर दोन माणसांचं असो नाहीतर सात. लोक काही खुळे नसतात, एक घर कागदावर फोडून दोन केलं की पैसे दुप्पट, एकएकट्या माणसांची नोंदणी धडाधड वाढली. याला लोक फसवणूक म्हणतात, मी डिझाइनची चूक म्हणेन. 2023 मध्ये जुनं नाव परत आलं आणि सोबत अक्कलही आली, घराला किमान 600, वर सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे 150, त्यावरच्या शाळकरी मुलामागे आणि गरोदर बाईमागे 50. कार्ड शक्यतो बाईच्या नावावर. मला हा सगळ्यात जमलेला नमुना वाटतो. अटी आहेत, मुलांची शाळेत हजेरी आणि लसीकरण, मेक्सिकोच्या 1997 च्या प्रोग्रेसा या रोख मदत योजनेतही अशाच होत्या. शाळा आणि दवाखाना जवळ असेल तर या अटींबद्दल माझं भांडण नाही, नसेल तर तुम्ही आईला दंड करताय तो सरकारने दवाखाना बांधला नाही म्हणून.

राहिलं काम लागल्यावरचं, आणि इथे कॅल्क्युलेटर घेऊन बसा. सर्व्हिस फरक भरून देते म्हणजे कमाई वाढली की मदत घटणार हे ओघानेच आलं, प्रश्न किती घटणार हा. शंभराला शंभर कापले तर महिनाभर राबून हातात तेवढेच, वर प्रवासखर्च आणि पोरं सांभाळायला कोणीतरी ठेवायचा खर्च, म्हणजे चक्क तोटा. लोक घरी बसतात ते आळशी म्हणून नाही, त्यांना हिशोब येतो म्हणून. फ्रान्सची 1988 ची योजना थोडा काळ सवलत देऊन मग असंच जेवढ्यास तेवढं कापायची. 2009 मध्ये ती बदलून आरएसए नावाची नवी योजना आणली त्यात कमावलेल्या 100 पैकी 62 हातात राहतील असं केलं, पुढे 2016 मध्ये कामाचा भाग वेगळा काढून त्याचा स्वतंत्र भत्ता केला. ब्रिटनमध्ये आधी 63 कापायचे, 2021 अखेर 55 केले, म्हणजे 45 हातात, मुलं असलेल्यांना सुरुवातीची काही कमाई पूर्ण माफ. ब्राझीलची युक्ती वेगळी, कमाई रेषेच्या वर गेली तरी ठराविक मर्यादेपर्यंत अर्धी मदत चालू, 2023 मध्ये दोन वर्षं, 2025 पासून नव्याने या सवलतीत येणाऱ्यांना बहुतेक एकच वर्ष. रोजंदारीवाल्या घराला ही युक्ती जास्त कामाची असं माझं मत, कारण त्यांची खरी भीती टक्क्यांची नसतेच. या महिन्यात काम मिळालं म्हणून नाव कटलं आणि पुढच्या महिन्यात काम सुटलं तर परत त्या काउंटरच्या रांगेत उभं राहायचं, ही असते.

रकमेबद्दल थोडक्यात: युरोपातल्या बहुतेक देशांत नुसत्या या पैशावर घर दारिद्र्यरेषेच्या वर येत नाही, खड्डा उथळ होतो एवढंच. युरोपियन युनियनने 2023 च्या जानेवारीत 2030 पर्यंत रक्कम पुरेशी करा अशी शिफारस केली. शिफारस आहे, कायदा नाही, तेव्हा त्याचे मार्क मी धरलेले नाहीत.

कोणी म्हणेल एवढी कटकट असेल तर सगळ्यांनाच सरसकट द्या ना. द्या की, पण मग खर्च कितीतरी पटीने वाढतो किंवा रक्कम इतकी बारीक होते की गरीब घराला काही उपयोग नाही. निवडून द्यायचं तर निवडणारी यंत्रणा चांगली पाहिजे, आणि मंत्री लोक घोषणा रकमेची करतात, काउंटरवर माणसं किती, कागद किती, उत्तर किती दिवसांत, हे कोणी भाषणात सांगत नाही.

मार्क असे: पैशाच्या परिणामाला पाच, रकमेला तीन, मुलांच्या हिशोबाला ब्राझीलमुळे साडेतीन, काम लागल्यावरच्या वागणुकीला चार, काउंटरला दोन. फ्रान्सने 2025 च्या मार्चपासून दर तिमाहीचा कमाईचा तक्ता आधीच भरून द्यायला सुरुवात केलीय, पगार आणि भत्त्यांचे आकडे सरकारकडे असतातच, ते तिथूनच येतात, माणसाने फक्त बघून बरोबर आहे म्हणायचं. पहिला अर्ज मात्र अजून स्वतःच करावा लागतो, म्हणून ज्यांनी कधी अर्जच केला नाही त्यांना याचा काडीचा उपयोग नाही. ते जमवलं तर काउंटरचे मार्क वाढवून देईन, आत्ता दोनच.