व्हॉइस चॅटसाठी हेडफोन आणि माइक: चार जोड्या वापरून झाल्यावर

ऑनलाइन गेम ऐन रंगात असताना एका सहकाऱ्याने मला विचारले, "तुझ्या खोलीतला पंखा किती नंबरवर आहे?" माझे बोलणे त्याच्यापर्यंत तुटक पोहोचत होते, पंखा मात्र अखंड ऐकू येत होता. तोपर्यंत मी हेडफोनची पारख केवळ स्वतःच्या कानांनी करत आलो होतो आणि माइक म्हणजे त्याला चिकटून येणारी एक दांडी, एवढीच माझी समजूत होती. वास्तविक व्हॉइस चॅटमध्ये आपल्या माइकचा त्रास आपल्याला कधीच होत नाही. तो बिचारे इतर लोक सोसत असतात.

माझी पहिली जोडी ब्लूटूथ इअरबड्सची होती. गाण्यांसाठी उत्तम असलेले हे इअरबड्स खेळात माइक सुरू करताच जुन्या टेलिफोनसारखे वाजू लागत, आणि ते बिघडले आहेत असे मला बरेच दिवस वाटत राहिले. दोष त्या नगाचा नव्हता. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये संगीताचा मार्ग एकेरी असतो; माइक लागला की उपकरण फोन कॉलच्या पद्धतीवर उतरते, जिथे आवाजाचे नमुने सहसा सेकंदाला ८ किंवा १६ हजार एवढेच घेतले जातात आणि दोन्ही कानांत एकच मोनो ध्वनी येतो. पावले डावीकडून वाजली की उजवीकडून, यावर ज्या खेळात जीव अवलंबून असतो, तिथे ही पद्धत निरुपयोगी आहे. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत यावर उपाय आहे, परंतु ती संगणक आणि हेडफोन या दोहोंत असावी लागते. वायर नकोच असेल, तर स्वतःच्या यूएसबी रिसीव्हरवर २.४ गिगाहर्ट्झने चालणारा हेडसेट घ्यावा. त्यात आवाज मागे पडण्याची तक्रारही फारशी उरत नाही.

दुसरी जोडी हायपरएक्स क्लाउड टू या बंद कपांच्या हेडसेटची. त्यात ५३ मिलिमीटरचे ड्रायव्हर, म्हणजे कपातले छोटे स्पीकर, आहेत, माइकची दांडी काढून ठेवता येते आणि बाहेरचा गोंगाट बराच अडतो. घरात माणसांची ये-जा असेल, तर हाच प्रकार योग्य. कान झाकले गेल्यामुळे मात्र स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो आणि माणूस नकळत ओरडू लागतो. यासाठी साइडटोन, म्हणजे आपलाच आवाज हलकेच आपल्या कानांत परत सोडण्याची सोय, असलेला हेडसेट मिळाल्यास तो निवडावा. खोक्यावरच्या ७.१ (चहूबाजूंचे सात स्पीकर आणि खोल आवाजाचा एक) या आकड्याला मी आता किंमत देत नाही. बहुतेक हेडसेटमध्ये दोनच ड्रायव्हर असतात आणि उरलेले स्पीकर गणिताने भासवलेले असतात. काउंटर-स्ट्राइक २ सारखा नेमबाजीचा खेळ दिशेचा हिशोब स्वतःच करतो. त्यावर हेडसेटचाही हिशोब चढवला की पावलांची दिशा उलट अस्पष्ट होते.

तिसऱ्या वेळी मी टेबलावरचा माइक आणला, आणि सर्वांत जास्त शिकलो ते इथेच. ब्लू यती हा कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणाऱ्या जातीचा, माइक दिसायला रुबाबदार आहे. आत तीन कॅप्सूल (आवाज टिपणारे भाग) आणि आवाज टिपण्याच्या चार पद्धती. तो बाजूने बोलण्यासाठी बनवलेला आहे, आणि मी आठवडाभर त्याच्या टोकाशी बोलत होतो, ही चूक सर्वस्वी माझी. पण बाजू सुधारल्यावरही पंखा गेला नाही, कारण अडचण अंतराची होती. तोंडापासून माइक दुप्पट लांब गेला की त्याच्यापर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. दांडीवरचा माइक ५ सेंटिमीटरवर आणि टेबलावरचा ५० सेंटिमीटरवर धरला, तर हा फरक जवळपास २० डेसिबल होतो. तो भरून काढण्यासाठी गेन, म्हणजे माइकची आवाजवाढ, वाढवावा, तर पंखा आणि कीबोर्ड तेवढेच वर येतात. मग सॉफ्टवेअरमधील नॉइज सप्रेशन ही गाळणी गोंगाट कापता कापता आपली व्यंजनेही खाऊन टाकते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर साध्या व्हॉइस चॅनलला ठरलेला ६४ केबीपीएस इतका वेग बोलण्यासाठी पुरेसा असतो, त्यामुळे दोष नेटवर ढकलण्याचीही सोय नाही. टेबलावरचा माइक घ्यायचाच असेल, तर सोबत लवचीक आर्म घ्यावी, समोरचा आवाज घेऊन मागचा टाळणारी कार्डिऑइड पद्धत निवडावी आणि माइकची पाठ कीबोर्डकडे येईल अशी मांडणी करावी. तेवढे करायचे नसेल, तर तो दिखाऊ खर्च आहे.

सध्या मी सेनहायझर एचडी ५६०एस या उघड्या कपांच्या हेडफोनला अँटलायनचा मोडमाइक हा सुटा, दांडीचा माइक चुंबकाने चिकटवून वापरतो, आणि माझी पसंती याच जोडीला आहे. उघड्या कपांमुळे स्वतःचा आवाज नैसर्गिक ऐकू येतो, ओरडणे थांबते, आणि आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता भोवती पसरल्यासारखा वाटतो. सुमारे २४० ग्रॅम वजन तीन तासांनंतरही मानेला जाणवत नाही. मात्र हेडफोनमधील आवाज बाहेर झिरपतो. तो फार मोठा ठेवल्यास सहकाऱ्यांचे बोलणे आपल्याच माइकमधून त्यांना परत ऐकू जाते. शेजारी कोणी झोपत असेल, तर या वाटेला जाऊ नये.

माइक ओठांसमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर ठेवावा. समोर ठेवल्यास 'फ', 'भ' यांसारख्या महाप्राण अक्षरांचा श्वास थेट कॅप्सूलवर आदळतो, आणि "भिंतीमागे" हा साधा शब्दही सहकाऱ्यांच्या कानांत स्फोटासारखा फुटतो. खरेदीपूर्वी संगणकाची सॉकेटही तपासावी: हेडफोन आणि माइकसाठी वेगवेगळी छिद्रे असतील, तर मोबाइलच्या चार संपर्कांच्या एकाच पिनचा हेडसेट दुभागणाऱ्या वायरशिवाय चालत नाही. नवी जोडी हाती आली की पंखा आणि कीबोर्ड चालू ठेवून मिनिटभर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी ते एकदा ऐकावे.