एर्टिगाचं आयडल स्टार्ट-स्टॉप: मोठ्या सिग्नलला कामाचं, बंपर टू बंपरमध्ये बंद ठेवा

एर्टिगा पेट्रोलच्या मागे ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेलं असलं तरी ही गाडी नुसत्या बॅटरीवर मीटरभरही जात नाही. 1.5 लिटरच्या इंजिनाला बेल्टने जोडलेला आयएसजी (अल्टरनेटर आणि स्टार्टर एकातच) आणि जोडीला छोटी लिथियम बॅटरी, एवढाच हा प्रकार. शहरात खरं पेट्रोल वाचतं ते सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं म्हणून. हेच आयडल स्टार्ट-स्टॉप.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत न्यूट्रल करून क्लच पूर्ण सोडला की इंजिन बंद, क्लच दाबला की चालू. पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहायची सवय असेल, तर ते बंद होणारच नाही. ‘फीचर चालतच नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. इंजिन थंड असेल, बॅटरी उतरलेली असेल, सीटबेल्ट लावलेला नसेल, तरीही होत नाही. पुन्हा चालू होताना मात्र खर्रर्र आवाज नाही, धक्का नाही. बेल्टच इंजिन फिरवतो. या बाबतीत पैकीच्या पैकी.

आता हिशेब. एसी बंद असताना असं इंजिन उभ्याउभ्या तासाला साधारण 0.6 लिटर पेट्रोल पितं. रोज 15 मिनिटं बंद राहिलं तर 150 मिलि, 25 दिवसांचे पावणेचार लिटर. एसी लावला की गणित बिघडतं. कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो, त्यामुळे इंजिन बंद झालं की नुसता पंखा फिरतो. एप्रिल-मेमध्ये केबिन तापलं की सिग्नल सुटायच्या आधीच इंजिन पुन्हा सुरू. दहा सेकंदांहून कमी थांबायचं असेल तर वाचत काहीच नाही. रांगत्या ट्रॅफिकमध्ये डॅशबोर्डवरचं बटण दाबून हे फीचर बंदच करा. चावी फिरवली की दर वेळी ते आपोआप परत चालू होतं, हा एक वैताग आहेच.

कंपनीच्या मायलेजच्या आकड्यावर सरसकट विसंबू नका. जवळजवळ वीस मिनिटांच्या सरकारी चाचणीत गाडी पाव वेळ नुसती उभी असते, त्यामुळे स्टार्ट-स्टॉपचा फायदा त्या आकड्यात पुरेपूर उतरतो. एक्स्प्रेसवेवर तो शून्य.

बॉनेटखालची मोठी बॅटरी बदलताना दुकानदार स्वस्तातली साधी बॅटरी पुढे करील. घेऊ नका. दिवसाला पन्नास वेळा इंजिन बंद-चालू होणार, तेवढा वेळ दिवे आणि पंखा बॅटरीवरच. साधी त्यात लवकर बसते. स्टार्ट-स्टॉपसाठी बनवलेली ईएफबीच मागा, आणि बसवून झाल्यावर निगेटिव्ह टर्मिनलवरचा, बॅटरीचं चार्जिंग मोजणारा सेन्सर नीट जोडलाय का ते तिथेच बघून घ्या.