शाळेची सिस्टर व्हायचं की आरबीएसकेच्या गाडीत बसायचं?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, वॉर्डातल्या रात्रपाळ्यांना कंटाळलेल्या मुली मला हमखास विचारतात, "मुलांमध्ये काम करायचंय. खासगी शाळेत जाऊ की आरबीएसकेत?" मी दोन्ही केलंय.

आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. 2013 साली आपल्या पालघरमधूनच तो सुरू झाला. पथकात दोन आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता आणि गाडी. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा. जन्म ते 18 वर्षांपर्यंतची मुलं तपासायची. नोकरी कंत्राटी, दिवसभर धूळ, संध्याकाळी रिपोर्टिंग. पण नजर तयार होते ती इथेच. खो-खो खेळताना दोन फेऱ्यांत धापा टाकणारा पाचवीतला एक पोरगा आमच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथो लावून वेगळा काढला. हृदयाला छिद्र निघालं, ऑपरेशन फुकट झालं. पुढच्या वर्षी तोच मुलगा गाडी दिसताच पळत आला.

मात्र त्याच फेरीत वजनकाट्यावर उभी राहिलेली एक मुलगी कानाशी येऊन काहीतरी सांगू लागली आणि बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. पुढची शाळा वाट पाहत होती. तिचं अर्धं वाक्य मला अजून छळतं.

खासगी शाळेत ते वाक्य पूर्ण ऐकता येतं. एरवी काम किरकोळ वाटेल: फुटलेले गुडघे, घोळणा फुटणं, घरी राहिलेला दम्याचा पंप, आयांचे फोन. आठवीतली एक मुलगी दर गुरुवारी पोट धरून यायची. ओवा-पाणी, झोप, परत वर्गात. चौथ्या गुरुवारी वेळापत्रक पाहिलं, तर त्या तासाला पोहणं. मांडीवर कोडाचे डाग होते. खेळाच्या सरांशी दोन शब्द बोलले आणि पोट दुखायचं थांबलं. वर्षातून एकदा येणाऱ्याला हे कुठून कळणार?

पण शाळेत तुम्ही एकट्या असता. डॉक्टर बहुधा फोनवरच. मुलगा फिट येऊन पडला तर पहिली दहा मिनिटं तुमची. शिवाय सलाईन लावायचा हात जातो. परत हॉस्पिटलला जायचं मनात असेल तर हे लक्षात घ्या. आणि कुणीतरी आपल्या अंगाला हात लावल्याचं एखाद्या मुलाने सांगितलं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे झालं, असं नाही.

सुट्ट्या, ठरलेल्या वेळा, घराजवळ नोकरी हवी असेल तर शाळा सरळ बरी. पण पासआउट होऊन वर्षही झालं नसेल, तर मी आधी पथकात जा म्हणेन. चार डोकी सोबत असतात, चूक झाली तर कुणीतरी धरतं.

शाळेच्या मुलाखतीत पगाराआधी दोन गोष्टी विचारा: बोलावल्यावर येणारा डॉक्टर कोण, आणि सिकरूमला दार आहे का. मला मिळालेल्या खोलीला नुसता पडदा होता, आणि पडद्यापलीकडे फीची रांग. त्या आठवीतल्या मुलीला डागांबद्दल बोलतं करायला मला तिला लॅबच्या मागच्या जिन्यावर न्यावं लागलं होतं.